चीनशी व्यवहार: बुडापेस्टची वाट की ब्रुसेल्सची?

मार्च 2019 मध्ये युरोपीय महासंघानं चीनला एकाच दमात भागीदार, स्पर्धक आणि प्रतिस्पर्धी व्यवस्था ठरवलं. ते वाक्य आता सगळ्यांना पाठ आहे. महासंघातल्या मध्यम आकाराच्या देशापुढं प्रत्यक्षात दोनच वाटा उरतात. एक तर थेट बीजिंगशी सौदा करायचा, नाही तर ब्रुसेल्सला, म्हणजे महासंघाला, पुढं करून आपण मागं उभं राहायचं.

पहिल्या, म्हणजे बुडापेस्टच्या वाटेवर ऑर्बान सरकारच्या काळातला हंगेरी सगळ्यात लांब गेला, आणि त्याच्या पदरात काहीच पडलं नाही असं म्हणता येणार नाही. डेब्रेत्सेनला सीएटीएल या चिनी कंपनीचा 7.3 अब्ज युरोंचा बॅटरी कारखाना आला, सेगेदला चिनी गाड्यांची बीवायडी कंपनी आली. बदल्यात काय दिलं? परराष्ट्र धोरणावरच्या निवेदनांना महासंघात एकमत लागतं, त्यामुळं एकाच देशाचा नकार पुरतो. चीनवर टीका करणारं हाँगकाँगवरचं निवेदन एप्रिल 2021 मध्ये हंगेरीच्या नकारामुळं असंच अडलं.

ब्रुसेल्सची वाट सुस्त आहे, हे आधीच कबूल करतो. चिनी इलेक्ट्रिक गाड्यांना मिळणाऱ्या सरकारी अनुदानाची चौकशी ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झाली आणि पक्कं शुल्क लागायला ऑक्टोबर 2024 उजाडलं. मूळ 10 टक्के आयात शुल्कावर आणखी बीवायडीला 17, जीलीला 18.8, एसएआयसीला 35.3 टक्के. मतदानात 10 देश बाजूनं, 5 विरोधात, 12 तटस्थ. शुल्क अडवायला 65 टक्के लोकसंख्येचे 15 देश विरोधात लागत होते, त्यामुळं तटस्थ राहणं शुल्क सुचवणाऱ्या युरोपीय आयोगाच्या पथ्यावर पडलं. भोकंही राहिलीच. शुल्क फक्त पूर्ण बॅटरीवरच्या गाड्यांना आहे, त्यामुळं प्लग-इन हायब्रिडचा रस्ता मोकळा राहिला. आणि महासंघ पुढं असला तरी फटका देशांनाच बसतो: फ्रान्सनं शुल्काच्या बाजूनं मत दिलं होतं, आणि चीननं जुलै 2025 पासून युरोपीय ब्रँडीवर 34.9 टक्क्यांपर्यंत शुल्क बसवलं, ज्याची झळ मुख्यतः फ्रान्सच्या कोन्याक ब्रँडीला.

लिथुआनियाचा अनुभव तर आणखी कडू. राजधानी व्हिल्निअसला तैवानचं ‘तैवानी’ या नावानं कार्यालय उघडलं आणि डिसेंबर 2021 मध्ये लिथुआनियाचा माल चिनी कस्टम्समध्ये अडकू लागला. जाचाची खरी मेख पुढं होती: लिथुआनियात बनलेले सुटे भाग वापरणाऱ्या जर्मन कंपन्यांवरही दबाव आला. महासंघ जानेवारी 2022 मध्ये जागतिक व्यापार संघटनेत गेला, दोन वर्षांनी खटला थांबवला आणि पुढच्या वर्षभरात तो आपोआप बाद झाला. तोंडी दबावाचा कागद मागं उरत नाही, हे अशा खटल्यांचं कायमचं दुखणं. व्यापारी दबावाला उत्तर देण्यासाठीचा महासंघाचा जबरदस्तीविरोधी कायदा 27 डिसेंबर 2023 पासून लागू आहे, पण त्यातली नुसती चौकशीच चार महिने चालू शकते. त्यानंतर सदस्य देशांचं मतदान वेगळंच.

इतकं असूनही माझा कल ब्रुसेल्सकडं आहे, आणि त्याचं कारण एकच: बुडापेस्टच्या वाटेवरचे कागद वाचायलाच मिळत नाहीत. बुडापेस्ट–बेलग्रेड रेल्वेच्या हंगेरीतल्या टप्प्याला सुमारे 85 टक्के पैसा चिनी एक्झिम बँकेचं कर्ज म्हणून आला. त्याच्या करारांवर 2020 मध्ये संसदेनं 10 वर्षांची गोपनीयता बसवली. 2024 च्या वसंतात चिनी बँकांकडून घेतलेलं 1 अब्ज युरोंचं कर्ज लोकांना कळलं ते जुलैमध्ये. मग सौदा स्वस्त की महाग, हे ठरवायचं कशावर? त्याच रेल्वेमार्गावर, पण सर्बियात, नोव्ही सादच्या स्थानकाचं छत नोव्हेंबर 2024 मध्ये कोसळून अखेर 16 जण दगावले. दोष कुणाचा तो न्यायालय ठरवेल. पण आंदोलक विद्यार्थ्यांची पहिली मागणी होती ती नूतनीकरणाची सगळी कागदपत्रं उघड करण्याची.

उलट, गाड्यांवरच्या शुल्काचा 2024/2754 हा नियम कुणीही उघडून बघावा. कुठल्या कंपनीला किती टक्के, का, आणि कंपनीनं त्यावर काय हरकत घेतली, सगळं क्रमवार छापलेलं आहे. वाचताना डोकं उठतं, पण चूक सापडली तर न्यायालयात जाता येतं, आणि कंपन्या गेल्याही आहेत.

देशाची तिजोरी रिकामी असेल आणि कारखाना याच वर्षी हवा असेल, तर बुडापेस्टची वाट मी अगदीच मोडीत काढणार नाही. तरी निदान व्याजदर, तारण आणि वाद कुठल्या न्यायालयात जाणार, ही तीन कलमं सहीआधी संसदेपुढं ठेवण्याची अट घालावी. समोरचा त्यालाच अडून बसला, तर सही थांबवलेली बरी.