स्विच घ्यावा की स्टीम डेक? दोन्ही रोज हाताळल्यावरचं मत

हातात धरून खेळायचा कन्सोल घ्यायचं मनात आलं की बहुतेकांचा शोध दोन नावांपाशी येऊन थांबतो: निन्टेन्डोचा स्विच आणि व्हॉल्व्ह कंपनीचा स्टीम डेक. आमच्या घरी दोन्ही आहेत, दोन्ही वापरात आहेत, आणि ओळखीतलं कुणी ना कुणी ‘कुठला घेऊ?’ असं विचारत असतंच. प्रोसेसरची ताकद आणि स्क्रीनचे हर्ट्झ यांवर वाद घालण्यात मला रस नाही. मी उलट विचारतो, खेळणार कुणाबरोबर? एकटेच खेळणार असाल तर डेक. घरातल्यांबरोबर खेळायचं असेल तर स्विच. बाकीचं सगळं यानंतर.

आधी मॉडेलांचा गुंता सोडवू. मूळ स्विच मार्च २०१७ मध्ये आला. २०१९ मध्ये छोटा स्विच लाइट, २०२१ मध्ये सात इंची ओलेड स्क्रीनचा स्विच आणि जून २०२५ मध्ये ७.९ इंची स्क्रीनचा स्विच २. डेक फेब्रुवारी २०२२ चा, त्याचं ओलेड मॉडेल नोव्हेंबर २०२३ चं. डेक घ्यायचा तर ओलेडच घ्या. स्क्रीन, बॅटरी आणि पंख्याचा आवाज, तिन्ही बाबतींत तो आधीच्यापेक्षा सरस आहे.

हातातलं वजन

जाहिरातीत न दिसणारी आणि रोज जाणवणारी गोष्ट म्हणजे वजन. लाइट २७५ ग्रॅम, स्विच ओलेड ४२० च्या आसपास, स्विच २ जॉय-कॉनसकट (म्हणजे दोन्ही बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरसकट) ५३४ आणि डेक ओलेड ६४०. कागदावर हा फरक किरकोळ वाटतो. पण रात्री आडवं पडून डेक चेहऱ्यावर धरला की थोड्याच वेळात मनगट बोलायला लागतं. पोटावर उशी घेऊन तिच्यावर टेकवला तर मात्र तो तासन्‌तास चालतो. लोकलमध्ये खिडकीची जागा मिळाली तर दोन्हींपैकी काहीही काढा. उभ्याने एका हाताने दांडा धरायचा असेल तर काहीच काढू नका, कितीही मोह झाला तरी.

पकडीचं गणित मात्र उलटं आहे. डेकच्या मुठी जाड आणि गोलसर आहेत, मोठ्यांच्या तळव्यात नीट बसतात. स्विचचे जॉय-कॉन चपटे आणि बारीक. आठ-दहा वर्षांच्या मुलांना ते अगदी मापाचे होतात, माझा अंगठा मात्र सारखा आखडतो. मोठ्या पंजाच्या माणसाने स्विचसाठी जाड पकडीचं कव्हर वेगळं घ्यावं.

कुकरच्या शिट्ट्यांमधला वेळ

नोकरी, घर, मुलं असं सगळं असलेल्या माणसाला सलग दोन तास क्वचितच मिळतात. मिळतात ती पंधरा-वीस मिनिटं. पॉवरचं बटण दाबलं की खेळ जिथल्या तिथे थांबतो आणि पुन्हा दाबलं की तिथूनच सुरू होतो, या एका सोयीमुळे मोठेपणी माझं खेळणं टिकून आहे. हे दोघांनाही उत्तम जमतं. स्विच क्षणात जागा होतो, डेकला दोन-चार सेकंद जास्त लागतात. डेक झोपवून दोन-तीन दिवस तसाच ठेवला तर बॅटरी बरीच उतरलेली असते, स्विचची तेवढी उतरत नाही. पाहुण्यांसारखं शनिवार-रविवारीच खेळणाऱ्याने डेक पूर्ण बंद करून ठेवावा.

बॅटरीचे कंपन्यांनी दिलेले आकडे असे: स्विच ओलेड साडेचार ते नऊ तास, डेक ओलेड तीन ते बारा, स्विच २ दोन ते साडेसहा. यातला लहान आकडा धरून चाला. मोठे, भव्य देखाव्यांचे गेम डेकची बॅटरी तीन तासांच्या आसपास संपवतात, म्हणजे मुंबई-पुणे प्रवास जेमतेम पार पडतो. ‘स्टारड्यू व्हॅली’ किंवा ‘बलात्रो’सारखा हलका गेम असेल तर जाऊन-येऊनही पुरेल. डेकवर फ्रेम रेट (सेकंदाला किती चित्रं दिसतात तो वेग) आणि वीजवापर हाताने कमी करता येतो. अशा खटपटीत मजा वाटणाऱ्यांसाठी डेक म्हणजे मेजवानीच आहे. ही खटपट नको असेल तर स्विचवर असं काही हाताने करावंच लागत नाही, आणि तेच त्याचं सुख आहे.

खेळ कुठले?

‘झेल्डा’, ‘मारिओ कार्ट’, ‘पोकेमॉन’, ‘अ‍ॅनिमल क्रॉसिंग’ ही निन्टेन्डोची मिरासदारी आहे. २०१७ चा ‘ब्रेथ ऑफ द वाइल्ड’ आजही मी कुणालाही पहिला गेम म्हणून सुचवेन. समोर दिसणाऱ्या कुठल्याही डोंगरावर चढता येणं, पावसात कड्यावरून हात घसरणं आणि कुणी काहीही न सांगता वाट सापडणं, हा अनुभव लहानांना आणि मोठ्यांना सारखाच धरून ठेवतो. या गेमांसाठीच जीव तुटत असेल तर पुढचं वाचायची गरज नाही, स्विच घ्या.

डेकची ताकद वेगळी आहे. लॅपटॉपवर वर्षानुवर्षं स्टीमवरून, म्हणजे व्हॉल्व्हच्या ऑनलाइन दुकानातून, घेतलेले गेम तुमच्या खात्यात असतील तर त्यांतले बहुतेक पहिल्याच दिवशी हातात येतात. डेक लिनक्सवर चालतो आणि विंडोजसाठी बनलेले गेम ‘प्रोटॉन’ नावाच्या मधल्या थरातून चालवतो. म्हणून तपासून झालेल्या गेमपुढे व्हेरिफाइड, प्लेएबल किंवा अनसपोर्टेड अशी खूण असते. व्हेरिफाइड म्हणजे निर्धास्त, प्लेएबल म्हणजे कुठे अक्षरं बारीक दिसतील, कुठे कीबोर्ड उघडावा लागेल. खरी अडचण ऑनलाइन स्पर्धेच्या गेमांची आहे. त्यांतल्या अनेकांची अँटी-चीट, म्हणजे फसवेगिरी रोखणारी, व्यवस्था लिनक्सला आत घेत नाही. ‘व्हॅलोरंट’ आणि ‘फोर्टनाइट’ डेकच्या मूळ प्रणालीवर चालत नाहीत, ‘एपेक्स लेजंड्स’ने २०२४ मध्ये लिनक्सचा आधार काढून घेतला. मित्रांचा कंपू रात्री ‘व्हॅलोरंट’ खेळत असेल तर डेक घेऊन तुम्ही बाहेरच राहाल.

दोन्हींवर मिळणारे गेमही पुष्कळ आहेत. पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्सचा ‘राजी’ ऑगस्ट २०२० मध्ये सर्वांत आधी स्विचवरच आला आणि इतर ठिकाणी काही आठवड्यांनी. राजस्थानी वास्तुकला, दुर्गा आणि विष्णूच्या कथा, आणि भावाच्या शोधात निघालेली मुलगी. पुण्यात बनलेला गेम आधी अशा यंत्रावर आला, जे इथे अधिकृतपणे विकलंच जात नव्हतं. ‘राजी’ दोन्हींपैकी कशावरही खेळा, पण खेळा.

पैशांचं गणित

कन्सोलची किंमत एकदाच द्यायची असते, गेमांची दर वेळी. म्हणून इथे जरा थांबतो.

स्टीमवर भारतासाठी रुपयांत भाव आहेत आणि यूपीआयने पैसे देता येतात. उन्हाळी आणि हिवाळी सेलमध्ये जुने गेम फार उतरतात. विकत घेऊन १४ दिवस झाले नसतील आणि दोन तासांपेक्षा कमी खेळलेला असाल तर पैसे परत मिळतात. गेम आवडेल की नाही याची खात्री नसलेल्या नवख्यासाठी ही सवलत मोलाची आहे. आणि सेव्ह क्लाउडवर ठेवायला वेगळे पैसे पडत नाहीत.

निन्टेन्डोचं ई-शॉप भारतासाठी नाही. खात्याचा देश अमेरिका किंवा दुसरा एखादा ठेवायचा आणि आपली कार्डं बऱ्याचदा चालत नाहीत म्हणून गिफ्ट कार्ड घेऊन खातं भरायचं, असा मार्ग इथले लोक काढतात. निन्टेन्डोचे स्वतःचे गेम सेलमध्येही फारसे उतरत नाहीत. स्विच २ चा ‘मारिओ कार्ट वर्ल्ड’ ८० डॉलरचा आहे. ऑनलाइन खेळ आणि क्लाउड सेव्हसाठी वार्षिक वर्गणी वेगळी.

पण स्विचकडे कार्ट्रिज, म्हणजे गेम भरलेलं छोटं कार्ड, आहे आणि मला ते फार मोलाचं वाटतं. स्विचच्या कार्ट्रिजना देशाचं बंधन नसतं. दुबईहून येणाऱ्या मावशीने आणलेलं कार्ट्रिज इथे बिनतक्रार चालतं. गेम संपला की मित्राला द्या, विका, बदल्यात दुसरा घ्या. स्टीमवर घेतलेला गेम विकता येत नाही. स्विच २ घेणाऱ्यांनी मात्र डोळे उघडे ठेवावेत. त्याच्या काही खोक्यांत ‘गेम-की कार्ड’ असतं, म्हणजे कार्डात गेम नसतो, फक्त किल्ली असते आणि गेम डाउनलोडच करावा लागतो. शिवाय स्विच २ ला गेम साठवायला महागडं मायक्रोएसडी एक्सप्रेस कार्डच लागतं. जुना स्विच आणि डेक साध्या मायक्रोएसडीवर भागवतात. घरात अगदी लहान मूल असेल तर अजून एक गोष्ट: स्विचच्या कार्ट्रिजवर मुद्दाम कडू लेप दिलेला असतो. मुलाने तोंडात घातलं तरी लगेच थुंकतं.

घरात चार जण असतील तर

इथे स्विचला तोड नाही. जॉय-कॉन दोन्ही बाजूंनी काढले, एक भावाला, एक बहिणीला, की खेळ सुरू. डॉकमध्ये, म्हणजे टीव्हीला जोडलेल्या स्टँडमध्ये, बसवला की चित्र टीव्हीवर. ‘मारिओ कार्ट ८ डीलक्स’ एका टीव्हीवर चार जण खेळू शकतात आणि त्यातली गाडी आपोआप रस्त्यावर ठेवणारी सोय चालू केली तर आजीसुद्धा शर्यत पूर्ण करते. आमच्याकडे दिवाळीच्या सुट्टीत टीव्हीपुढे यासाठी भांडणं होतात. पालकांसाठी फोनवर वेगळं अ‍ॅप आहे. त्यातून रोजच्या खेळाची वेळ ठरवता येते आणि मूल काय खेळलं ते दिसतं.

डेकही टीव्हीला जोडता येतो, पण डॉक वेगळा घ्या, कंट्रोलर वेगळे घ्या, ते जोडून घ्या. एकदा जमलं की चालतं. कुटुंबासाठी घेताना स्विच लाइट मात्र घेऊ नका. तो टीव्हीला जोडता येत नाही आणि त्याचे कंट्रोलर सुटे होत नाहीत. तो एकट्याचा आहे, आणि एकट्यासाठी, खिशाला परवडणारा म्हणून, छान आहे.

बिघाड, ऊन आणि वॉरंटी

दोन्ही कंपन्या हे कन्सोल भारतात अधिकृतपणे विकत नाहीत. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर, ऑनलाइन किंवा परदेशातून येणाऱ्याकडून, असेच ते मिळतात. कंपनीची वॉरंटी इथे कामाची नाही, दुकानदार देईल तेवढीच. जुन्या स्विचचा कुप्रसिद्ध आजार म्हणजे जॉय-कॉनचा ड्रिफ्ट. हात न लावता अंगठ्याने फिरवायची काठी आपोआप सरकते आणि मारिओ आपला चालत सुटतो. २०२० मध्ये कंपनीच्या अध्यक्षांनी त्याबद्दल माफी मागितली होती. सुटे जॉय-कॉन नवे घेता येतात, लाइटमध्ये मात्र अख्खं यंत्र उघडावं लागतं. डेकचे सुटे भाग आयफिक्सिट ही दुरुस्तीचं सामान विकणारी कंपनी अधिकृतपणे विकते, आणि मागचे स्क्रू काढून आत हात घालणं मोबाइल दुरुस्त करणाऱ्याला अवघड नाही.

नागपूर-चंद्रपूरकडच्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं: दोन्ही कंपन्या ३५ अंशांपर्यंतच्या हवेत वापर करा असं सांगतात. मे महिन्यात दुपारी पत्र्याखाली डेक खेळलात तर पंखा ओरडेल आणि गेम मंदावेल. कूलरसमोर बसा किंवा रात्री खेळा.

भारतातलं बिल आणि वॉरंटी हवीच असेल तर असूसचा आरओजी अलाय हा हातात धरून खेळायचा कन्सोल आहे. २०२३ मध्ये तो इथे ६९,९९० रुपयांना आला. विंडोजवर चालत असल्यामुळे डेकवर अडणारे ऑनलाइन गेम त्यावर चालतात. पण विंडोज झोपवून उठवणं स्विच किंवा डेकइतकं भरवशाचं नाही, आणि पंधरा मिनिटांत अपडेटची सूचना बघत बसावं लागलं की मजा जाते. सोनीचा प्लेस्टेशन पोर्टल मी या यादीत धरत नाही, तो मुख्यतः घरच्या पीएस५ वरचे गेम हातात आणण्यासाठी आहे.

सेकंडहँड स्विच घेत असाल तर पैसे देण्याआधी दुकानातच दोन गोष्टी करा. सेटिंग्जमध्ये कंट्रोलरच्या भागात काठ्यांचं कॅलिब्रेशन उघडून दोन्ही काठ्या फिरवा आणि सोडा. सोडल्यावर खूण मध्यावर परत यायला हवी. मग फोनचा हॉटस्पॉट लावून ई-शॉप उघडा. आधीच्या मालकाने पायरसी केल्यामुळे निन्टेन्डोने तो कन्सोल ऑनलाइन सेवेतून बाद केलेला असेल तर तिथेच एरर येईल, आणि तसा कन्सोल कितीही स्वस्त मिळाला तरी घेऊ नका.