खल आणि उखळ

शेंगा चटणीचा धंदा आम्ही दोघी जावा घरातूनच करतो. इतकी वर्षं साध्या पिशवीवर चिठ्ठी चिकटवून माल जायचा. यंदा आमच्या सोलापूरच्या गड्ड्याच्या यात्रेआधी छापील पाऊच करायचे, त्यावर नीट लोगो हवा, असं ठरलं आणि त्यापायी १५,००० रुपये घालवून बसलो.

इन्स्टाग्रामवर एकाचं पान दिसलं. पुण्याचा म्हणे. १२,००० रुपयांत सहा नमुने, हव्या तितक्या दुरुस्त्या. पानावर ज्यांची कामं दाखवली होती, त्यातल्या एकालाही आम्ही फोन केला नाही. निम्मे आगाऊ पाठवताना यूपीआयवर भलत्याच बाईचं नाव आलं. "मिसेसचं अकाउंट आहे मॅडम," म्हणाला. मीही गिऱ्हाइकांना नवऱ्याचाच क्यूआर दाखवते, त्यामुळे काही वावगं वाटलं नाही.

नमुन्यांतला एक आवडला : नथ घातलेली बाई, शेजारी खलबत्ता. थोरल्या जाऊबाईंना, म्हणजे आमच्या अक्कांना दाखवला. "अगं, हा तर वैद्याचा खल. चटणी यात कुटतात होय? आपलं उखळ काढायला सांग त्याला." मी कळवलं. उत्तर आलं, "मॅडम, सध्या हेच चालतंय." हव्या तितक्या दुरुस्त्या तिथेच संपल्या. चित्र त्याने काढलेलंच नाही, मग बदलणार कुठून, हे तेव्हाच माझ्या डोक्यात यायला हवं होतं. उरलेले पैसे दिले, व्हॉट्सअ‍ॅपवर जेपीजी आली. हौसेने हजार स्टिकरही छापून घेतले.

नव्या पेठेतल्या छापखान्यात पाऊचचं विचारायला गेले, तर मुलाने लोगो मोठा करून दाखवला. कडा फाटलेल्या. "काकू, कोरलची फाईल आणा, म्हणजे रेषारेषांनी काढलेली, प्रत्येक भाग सुटा होणारी. पाऊचला प्रत्येक रंगाचा छपाईचा सिलिंडर वेगळा बनतो." डिझायनरने तिचे आणखी ३,००० मागितले. गड्डा तोंडावर आलेला, दिले. फाईल उघडून तो मुलगा हसलाच. कोरलच्या पानावर तीच जेपीजी चिकटवलेली! नथीवर क्लिक केलं तर नथ वेगळी निवडता येईना, की नावातलं एक अक्षर सुटं होईना. एवढं बघायला मिनिटभर लागतं. मी ते पैसे दिल्यावर बघितलं.

पुढे ट्रेडमार्कसाठी वकिलांकडे गेले. ट्रेडमार्कसाठी मालाचे वर्ग पाडलेत, त्यात चटणी ३० व्या वर्गात येते आणि एकट्या व्यक्तीने ऑनलाइन अर्ज केला तर एका वर्गाची सरकारी फी ४,५०० रुपये. ती भरण्याआधी त्यांनी लोगो गूगल लेन्समध्ये, म्हणजे चित्रावरून चित्र शोधतात त्यात, टाकला. तीच बाई, तीच नथ कुणाच्या लोणच्यावर, कुणाच्या मसाल्यावर. तयार टेम्पलेटमध्ये फक्त आमचं नाव बसवलेलं. जे चित्र कुणीही वापरू शकतो त्यावर एकटीचा हक्क कसा सांगणार? वकील म्हणाले, त्याने स्वतः काढलं असतं तरी नुसते पैसे दिल्याने ते तुमचं झालं नसतं. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे बाहेरच्या माणसाकडून करून घेतलेल्या अशा कामाचा हक्क सहसा त्याच्याकडेच राहतो. तो सहीनिशी लिहून घ्यावा लागतो, आणि त्यात मुदत घातली नाही तर पाच वर्षांचाच धरतात. माझ्याकडे तर साधी पावतीही नव्हती.

तक्रारीसाठी चॅट उघडलं तर बहुतेक सगळं कोरं. मेसेज सात दिवसांनी आपोआप पुसले जातील अशी सोय त्याने पहिल्याच दिवशी लावून ठेवली होती. तशी सूचना आलीही होती, पण असल्या बारीक ओळी वाचतं कोण? हाती उरल्या त्या तीन यूपीआय नोंदी, त्याही त्या बाईच्या नावाच्या. तेवढ्यावर सायबर क्राइमच्या पोर्टलवर तक्रार टाकली आहे. १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला फोन पैसे गेल्या गेल्या करायचा असतो. मी दोन महिन्यांनी केला.

गड्ड्यात जुन्याच पिशव्या विकल्या. आता छापखान्यातला तोच मुलगा घरी येऊन उखळाचा फोटो काढून गेलाय, त्यावरून रेषा काढतोय. हक्काच्या कागदावर त्याची सही झाली, की पैसे. अक्का रोज विचारतात, "मुसळ नीट आलंय ना गं?"