इम्पॅक्ट गन आणि उसाच्या ट्रकखालचे गंजके बोल्ट: एका हंगामानंतर

बॅटरीवरची अर्ध्या इंची इम्पॅक्ट गन, म्हणजे ठोके देत नट-बोल्ट फिरवणारं हातातलं यंत्र, घेतल्याला एक गाळप हंगाम आणि त्यावर एक उन्हाळा झाला. गाडी सहाचाकी, हंगामात ऊस, एरवी मिरजेत रेक, म्हणजे मालगाडी, लागला की खत. आधीच सांगून टाकतो: गन पैसे वसूल करते, पण बोल्ट काढताना. बसवायची वेळ आली की ती पेटीत गेली पाहिजे.

सांगलीकडं गंज कसला, तो रत्नागिरीच्या गाड्यांना, असं म्हणणाऱ्यांनी एकदा उसाच्या गाडीखाली आडवं पडून बघावं. उसाचा रस हौद्याच्या फटीतून चासीवर गळतो आणि तिथंच आंबतो. खतात पोटॅश असलं तर ते बहुतेक क्लोराइडच, मिठाचा सख्खा भाऊ. मिरज-वाळव्याकडच्या क्षारपड रानातून गाडी बाहेर काढली की क्रॉस मेंबरच्या, म्हणजे चासीच्या आडव्या पट्ट्यांच्या, कोपऱ्यात चिखल बसतो. तो वाळला तरी क्षार आतच राहतात आणि पहाटेच्या दवानं परत ओले होतात. वर ही गाडी २०१९ च्या पुरात चाकं बुडेपर्यंत उभी होती. सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं तेव्हा. चासीच्या आतल्या अंगाला खरवडलं तर तो गाळ आजही निघतो.

आता गन. डब्यावर हजाराच्या वर न्यूटन-मीटर (पिळण्याच्या जोराचं माप) छापलेलं असतं, त्यावर फार जाऊ नका. लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जोड लावला की त्यातला बराच जोर जोडांच्या ढिलाईतच मुरतो. जमेल तिथं सॉकेट, म्हणजे बोल्टच्या डोक्यावर बसणारी टोपी, थेट गनला लावा. सॉकेट काळे, इम्पॅक्टचेच, आणि सहाकोनी. चकचकीत क्रोमचे सॉकेट गनखाली तडकू शकतात, तुकडा डोळ्यात जाईल. बाराकोनी सॉकेट गंजून झिजलेल्या डोक्याचे कोपरे खातो, आणि एकदा डोकं गोल झालं की मग छिन्नी नाहीतर कटर.

नुसती गन टेकवून ट्रिगर ओढला की गंजका बोल्ट सुटतो, हे व्हिडिओत. माझ्याकडं हौद्याचे ब्रॅकेट धरणारे बोल्ट असे सुटले: आदल्या संध्याकाळी तारेच्या ब्रशनं आट्यांची उघडी बाजू घासायची, गंज सोडवणारा स्प्रे मारायचा. सकाळी परत स्प्रे, आणि डोक्यावर हातोडीचे चार सरळ ठोके. मग गन आधी आवळायच्या बाजूनं, अगदी क्षणभर. त्यानंतर उलटी, थोडी थोडी. आट्यांतून तांबूस भुगा पडायला लागला की समजायचं, काम झालं. पण तेव्हाच सबुरी लागते. एका दमात बाहेर ओढलात तर तोच भुगा आट्यांत अडकून नट परत जाम होतो. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मध्ये स्प्रे.

स्प्रेबद्दल एक. आपल्याकडं डब्ल्यूडी-४० म्हणजेच गंजाचं औषध असं धरून चालतात. मुळात ते पाणी हटवण्यासाठी, १९५३ साली अमेरिकेत बनवलेलं. नावातलं डब्ल्यूडी त्यातूनच आलं. हलक्या गंजाला चालतं. चासीच्या बोल्टला मात्र पेनिट्रेटिंग ऑइल म्हणून विकलं जाणारं घ्या, त्याच कंपनीचं वेगळं मिळतं.

तरीही जे हलत नाहीत त्यांना शेक. आमचे फिटर मामा गनकडं बघून म्हणाले, "मालक, ही वाजतीया झकास, पण गंजाला आग कळती." खरं आहे. नट तापला की फुगतो, गंजाची पकड तुटते, म्हणून ज्योत नटावर धरायची, बोल्टवर नाही. नट जरा निवला की मामा आट्यांना मेणबत्ती टेकवतात. मेण वितळून आत ओढलं जातं. ज्योत पेटवण्याआधी स्प्रे पुसून काढायचा, तो पेट घेतो. एअर ब्रेकच्या नळ्या नायलॉनच्या असतात, वायरिंग बाजूनंच गेलेलं असतं आणि डिझेलची टाकी हातभर अंतरावर. नळ्या बाजूला बांधल्याशिवाय आणि आग विझवायचा सिलिंडर जवळ ठेवल्याशिवाय ज्योत पेटवू देत नाही मी. तापवलेला नट-बोल्ट परत वापरायचा नाही, भंगारात.

स्प्रिंगच्या पाट्या ॲक्सलला धरणाऱ्या यू-बोल्टवर गन फार घासत बसू नका. काढले की नवेच घालायचे आहेत, तर सरळ कापा. जुने ताणलेले असतात, परत आवळले तरी पकड धरत नाहीत. आणि यू-बोल्ट ढिले राहिले की भार पाट्यांच्या मधोमध असलेल्या सेंटर बोल्टवर येतो, तो तुटतो, ॲक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी पळायला लागते. लोक मग सेंटर बोल्टच्या नावानं खडे फोडतात.

बसवण्याचं म्हणाल तर टॉर्क पाना, म्हणजे किती जोर लागला ते मोजणारा पाना, दुसरं काही नाही. गन किती आवळते ते तिलाही माहीत नसतं. बॅटरी भरलेली असताना एक, उतरताना दुसरंच. एम १२ चा (१२ मिलिमीटर जाडीचा) ८.८ ग्रेडचा, म्हणजे ताकदीच्या त्या दर्जाचा, बोल्ट कोरड्या आट्यांवर साधारण ८० ते ९० न्यूटन-मीटर घेतो, एम १६ चा २०० च्या आसपास. गाडीच्या पुस्तकात आकडा असेल तर तोच खरा. आट्यांना ग्रीस किंवा अँटी-सीझ (आटे जाम होऊ नयेत म्हणून लावायचा लेप) लावलं तर हा आकडा वीसेक टक्क्यांनी उतरवा, नाहीतर तेवढ्याच जोरात बोल्ट जास्त ताणला जातो. यू-बोल्टचे नट एका कोपऱ्यानंतर तिरपा समोरचा असे, थोडे थोडे आवळायचे, आणि गाडी भरून पळाल्यावर परत तपासायचे. हंगामात सगळे यू-बोल्ट तपासले तेव्हा नवे नट थोडे फिरलेच.

नवे बोल्ट घेताना डोक्यावर ८.८ किंवा १०.९ आणि बनवणाऱ्याची खूण बघा. कोरं डोकं असलेला बोल्ट दोन रुपयांनी स्वस्त असला तरी चासीला नको. चकचकीत झिंकचा थर जेमतेम काही मायक्रॉनचा. माझ्या झिंकवाल्या बोल्टांच्या डोक्यांवर हंगाम संपेपर्यंत लाली आली. गरम झिंकात बुडवलेले खरखरीत करडे बोल्ट जसेच्या तसे आहेत. त्यांना नट मात्र त्यांच्याच जोडीचा लागतो, साधा नट बसत नाही. स्टेनलेसचा मोह होतो. पण स्टेनलेसचा नेहमीचा ग्रेड ए२-७० हा ८.८ पेक्षा कमी ताकदीचा, शिवाय आटे एकमेकांना खाऊन जागच्या जागी जाम होतात. सायलेन्सरजवळ नायलॉनवाला लॉकनट नको, वितळतो.

गनच्या तक्रारी दोन. उताणं पडून डोक्यावर धरायची तर बॅटरीसकट तीनेक किलो होते, खांदा भरतो. आणि मे महिन्यात पत्र्याच्या शेडमध्ये बॅटरी तापून मध्येच बंद पडायची, सावलीत ठेवून निवेपर्यंत बसावं लागायचं. दुसरी बॅटरी सोबतच घ्या, नंतर सुटी महाग पडते. आपल्या गाड्या गॅरेजला कॉम्प्रेसरजवळच लागत असतील तर हवेवरची गन स्वस्त आणि हलकी पडेल. बॅटरीवाली खरी कामाची साखर कारखान्याच्या रांगेत उभं असताना किंवा रानात.

टाकीच्या मागचे दोन बोल्ट अजून जुनेच आहेत. तिथं गन शिरत नाही, आणि ज्योतीचं तर नावच नको. दसऱ्याआधी टाकी धुवायला उतरवायची आहे, त्यात तेही बदलून घेणार.