अंड्यांचा राखाडी ट्रे: ईस्टरच्या सजावटीसाठी माझी पहिली पसंती

ईस्टरच्या सजावटीसाठी घरातल्या टाकाऊ वस्तूंपैकी एकच निवडायची झाली, तर मी अंड्यांचा कागदी ट्रे निवडेन. साधा, राखाडी, खरखरीत, तीस अंड्यांचा. संडे स्कूलच्या मुलांना घेऊन मी बरीच वर्षं ही सजावट करते आहे. पत्र्याचे डबे, बाटल्या, प्लास्टिकचे चमचे, वर्तमानपत्रं, टॉयलेट रोलच्या नळ्या, कापडाच्या चिंध्या, सगळं वापरून झालं. त्यातलं बरंचसं मागे पडलं, ट्रे मात्र दरवर्षी टेबलावर असतो. सजावटीच्या कल्पना हव्या तितक्या मिळतात, पण कुठली वस्तू हातात कशी वागते हे फारसं कुणी लिहीत नाही. म्हणून हे परीक्षण.

माझ्या अटी दोन. पहिली टिकण्याची. ईस्टर त्या एका रविवारी संपत नाही, पेंटेकॉस्टपर्यंत, म्हणजे पवित्र आत्म्याच्या आगमनाच्या सणापर्यंत, पन्नास दिवसांचा तो आनंदाचा काळ आहे, आणि सजावटही तितके दिवस ताठ उभी राहिली पाहिजे. दुसरी अट त्यानंतरची. पन्नास दिवस झाले की ती वस्तू रद्दीत, मातीत किंवा पुढच्या वर्षाच्या पेटीत जावी. कचऱ्यातून उचललेल्या वस्तूवर चमकी आणि प्लास्टिक चढवून ती पुन्हा कचऱ्यात टाकली, तर आपण केलं काय? या दोन्ही अटींना ट्रेइतका कुणी उतरत नाही.

त्याचं कारण तो बनतो कसा यात आहे. रद्दी कागद पाण्यात कालवून त्याचा लगदा करतात, तो जाळीच्या साच्यावर ओढून घेतात, पाणी निथळवतात आणि वाळवतात. तंतू एकमेकांत गुंतलेले असतात आणि वाळताना तेच एकमेकांना घट्ट धरतात. म्हणून ट्रेच्या एका बाजूवर जाळीची बारीक नक्षी दिसते. अंड्यांच्या कागदी खोक्याचं श्रेय जोसेफ कॉइल यांना दिलं जातं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबियात ते वर्तमानपत्र काढत, आणि १९११ साली त्यांनी हा खोका तयार केला. तो दुमडलेल्या कागदाचा होता, आजचा लगद्याचा ट्रे वेगळ्या पद्धतीने बनतो. पण वर्तमानपत्रवाल्या माणसाने अंड्यांची सोय करावी, आणि पुढे वर्तमानपत्रांच्याच रद्दीतून अंड्यांचे ट्रे निघावेत, हे मुलांना मी आवर्जून सांगते.

तंतूंनीच धरून ठेवलेला असल्यामुळे ट्रेवर पाणी फवारलं की तो पुन्हा मऊ पडतो. मग त्याची कड चिमटीत धरून वळवता येते, पेन्सिलीभोवती गुंडाळता येते, आणि वाळला की तो नव्या आकारात राहतो. दुमडून केलेल्या खोक्याच्या पुठ्ठ्याला हे जमत नाही, त्याला घडी पडते आणि घडीवर तो फाटतो. पत्रा आणि प्लास्टिक तर मुलांच्या हातात वळतच नाहीत.

ट्रेतून सगळ्यात सुंदर काय होतं, असं विचाराल तर माझं उत्तर फुलं नव्हे. येशू ख्रिस्ताची रिकामी कबर, ईस्टरच्या पहाटे सापडलेली. ट्रेचे तुकडे करून रात्रभर कोमट पाण्यात भिजत घालायचे, सकाळी हाताने कुस्करायचे, फडक्यात घालून घट्ट पिळायचे आणि पिळलेल्या लगद्यात कणकेची खळ मिसळायची. एक वाटी पिठाला चार-पाच वाट्या पाणी, सतत ढवळत शिजवून काहीशी पारदर्शक झाली की खळ तयार. पालथ्या वाडग्यावर ओलं फडकं पसरून त्यावर हा लगदा थापायचा आणि तोंडाशी दार मोकळं ठेवायचं. थर पाव इंचाहून जाड नको. जाड थर वरून वाळलेला दिसतो, आत ओल राहते आणि बुरशी धरते. उन्हात किंवा पंख्याखाली तो पूर्ण वाळू द्यावा, घाई करू नये. थोडा आवळला की वाडगा काढून आतली बाजूही वाळवावी.

आणि मग रंगाचा डबा उघडायचाच नाही. वर्तमानपत्राच्या शाईमुळे लगद्याला जो राखाडी रंग येतो, तो हुबेहूब दगडाचा असतो. ओल्या लगद्यावर काट्याने दोन-चार रेघा ओढल्या की खडकातले थर दिसतात. दुकानातून आणलेल्या कुठल्याही तयार देखाव्यात मी इतका खरा दगड पाहिलेला नाही. तोंडावरची धोंड आम्ही पूर्वी चिकटवून टाकत असू. एका मुलाने विचारलं, "टीचर, धोंड लोटता आली पाहिजे ना?" तेव्हापासून ती सुटी ठेवतो. येशूला कबरेत ठेवलं त्या शुक्रवारी, गुड फ्रायडेला, दारावर, रविवारी पहाटे बाजूला. मुलं आपल्या हाताने ती लोटतात, आणि त्या क्षणी सगळी गोष्ट न सांगता त्यांना कळलेली असते.

कबरेभोवतीची हिरवळही ट्रेमध्येच उगवते. खळग्यांत ओला कापूस किंवा चिमूटभर माती घालून अळीव पेरावे. ईस्टरच्या आदल्या रविवारी, म्हणजे झावळ्यांच्या रविवारी, पेरले की ईस्टरला बोटभर हिरवळ होते. अळीव दोन-तीन दिवसांत फुटतात, त्यामुळे लहान मुलांचा धीर सुटत नाही. मात्र ट्रेखाली ताटली हवी, कारण ओला ट्रे खालून मऊ पडून बसतो. ही हिरवळ दोनेक आठवड्यांत पिवळी पडते. पन्नास दिवसांच्या अटीत ती नापास, पण पुन्हा पेरता येते आणि मुळांसकट सगळा ट्रे कुंडीत पुरता येतो, म्हणून मी तिला माफ करते.

आता फुलं. इथे ट्रे काही फुलांना न्याय देतो आणि काहींना नाही. डॅफोडिल उत्तम होतं. दोन खळग्यांमधला उभा सुळका कापला की त्या फुलाच्या मधली तुतारी तयारच मिळते, खळग्यांच्या भिंतींतून सहा पाकळ्या कापून मागे लावायच्या. ट्यूलिपही छान, पण त्यात एक खुबी आहे. खळगा चार कोपऱ्यांवर कापला तर चार पाकळ्या निघतात आणि ते फूल ट्यूलिप दिसत नाही. एका खळग्याच्या तीन पाकळ्या कापाव्यात, दुसऱ्याच्याही तीन, आणि एकात एक असा बसवावा की आतली पाकळी बाहेरच्या दोन पाकळ्यांच्या फटीतून दिसेल. खऱ्या ट्यूलिपची रचना अशीच असते, तीन बाहेर आणि तीन आत. ईस्टरची लिली मात्र ट्रेतून करू नये. तिचा लांब कर्णा खळग्याच्या उंचीत बसत नाही, आखूड केली तर ती भलतंच फूल दिसते. लिलीसाठी साधा पांढरा कागद कोनासारखा गुंडाळलेला बरा, आणि पाकळ्यांची टोकं कात्रीच्या पात्यावरून ओढून मागे वळवावीत.

रंगाच्या बाबतीत ट्रे थोडा हट्टी आहे. तो रंग पितो, आणि खालचा राखाडी वर डोकावत राहतो. पिवळ्याचा शेवाळी होतो, गुलाबी मळकट दिसतो. त्यावर खडूची पूड खळीत कालवून आधी एक पांढरा हात द्यावा. तो वाळल्यावर जलरंग खुलतात. ॲक्रिलिक रंग जास्त भडक दिसतो हे खरं, पण त्याचा थर प्लास्टिकचा असतो. एकदा तो चढला की ट्रे ना रद्दीत चालतो, ना मातीत. चमकी तर मी हातातसुद्धा घेत नाही. प्लास्टिकचे ते कण झाडून संपत नाहीत आणि पाण्याबरोबर पार दूर जातात. युरोपियन युनियनने ऑक्टोबर २०२३ पासून प्लास्टिकच्या सुट्या चमकीच्या विक्रीवर निर्बंध आणले, तेही याच कारणाने.

घरगुती रंगांत हळद पहिल्या दिवशी मन मोहून टाकते. पण तिचा रंग उजेडात उडतो, खिडकीत ठेवलेली हळदीची फुलं पेंटेकॉस्टपर्यंत फिकट झालेली असतात. कांद्याच्या सालांचा तांबूस-तपकिरी रंग कितीतरी जास्त टिकतो. ट्रे रंगात बुडवू नये, लगदा होतो, ब्रशनेच लावावा. बुडवायचं असेल तर अंड्याचं कवच आहे.

कवचाबद्दल थोडं सविस्तर लिहायलाच हवं, कारण ट्रेचा खरा प्रतिस्पर्धी तेच. कवच बहुतांशी कॅल्शियम कार्बोनेटचं असतं, तेव्हा रंगाच्या पाण्यात चमचाभर व्हिनेगर घातलं की पृष्ठभाग किंचित खरडला जातो आणि रंग पक्का बसतो. व्हिनेगर जास्त झालं तर कवचच विरघळू लागतं. लाल कोबीच्या पाण्यातून निळा रंग येतो, आणि पांढऱ्या कवचावर तो इतका शांत, इतका खोल दिसतो की त्याच्यापुढे बाटलीतला कुठलाही निळा फिका पडावा. शिवाय अर्थाच्या दृष्टीने अंड्याची जागा कुणी घेऊ शकत नाही. मध्ययुगीन युरोपात ईस्टरपूर्वीच्या उपवासकाळात अंडी वर्ज्य असत, कोंबड्या मात्र अंडी देतच राहत, आणि ईस्टरला ती साठलेली अंडी आनंदाने वाटली जात. पूर्वेकडच्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये अंडी लाल रंगवतात, ख्रिस्ताच्या रक्ताची आठवण म्हणून. युक्रेनमध्ये मेणाने नक्षी काढून रंगवलेल्या अंड्याला पिसांका म्हणतात, ती कला २०२४ साली युनेस्कोच्या वारसा यादीत आली.

तरीही मुलांच्या गटासाठी मी कवचाला दुसरा क्रमांक देते. ते फुटतं, आणि फुटलं की लहान मूल हिरमुसतं. अंडं रिकामं करताना तोंड लावून फुंकू नये, कच्च्या अंड्यात पोट बिघडवणारा साल्मोनेला जंतू असू शकतो. दोन्ही टोकांना भोकं पाडून बिनसुईच्या सिरिंजने हवा भरावी, कवच साबणाच्या पाण्याने धुवावं आणि दहा मिनिटं उकळावं. हे काम मोठ्यांनीच करून ठेवावं.

जंतूंचा हाच प्रश्न ट्रेचाही आहे, आणि ट्रेची सगळ्यात मोठी उणीव इथेच आहे. तो धुता येत नाही. बलक सांडलेला, डाग पडलेला किंवा वास येणारा ट्रे सरळ बाजूला काढावा, उन्हात ठेवून तो स्वच्छ झाला असं समजू नये. कोरडे, निष्कलंक ट्रेच मुलांसमोर ठेवावेत, आणि काम झाल्यावर सगळ्यांनी साबणाने हात धुवावेत. अगदी लहान मुलं हातातली वस्तू तोंडात घालतात, त्यांच्यासाठी मी ट्रे वापरत नाही. त्यांना वर्तमानपत्राचे बोळे आणि खळ देते. फुग्यावर तीन-चार थर चिकटवून मोठं अंडं होतं, आणि त्यांनाही तितकाच आनंद मिळतो.

चिकटवायला खळच. ती स्वस्त आहे, हाताला लागली तरी निघते, आणि कागदाबरोबर मातीत जाते. तिच्यावर झुरळं आणि कसर येतात हा दोष आहे, म्हणून जपून ठेवायच्या वस्तू झाकण घट्ट बसणाऱ्या पत्र्याच्या डब्यात ठेवाव्यात. शाळेत वापरतात तो पांढरा पीव्हीए गोंद फुलांच्या देठांसाठी ठीक. ग्लू गन झटपट चिकटवते, पण तिचा गोंद प्लास्टिकचाच, आणि वितळलेला थेंब बोटावर पडला तर चांगलाच भाजतो. मुलांच्या टेबलावर ती नसावी.

पारदर्शक प्लास्टिकचे ट्रे सजावटीला निरुपयोगी, रंग खपल्यांनी निघतो. अळीव पेरलेल्या ट्रेवर झाकण म्हणून मात्र ते छान चालतात. थर्मोकोलचे ट्रे नकोतच. कापताना दाणे उडतात आणि काही गोंदांनी ते विरघळतात.

मेणबत्तीजवळ यातलं काहीही ठेवू नये. कोरडा ट्रे भुरुभुरु पेटतो. उजेड हवाच असेल तर फुलांत छोट्या एलईडी दिव्यांची माळ घालावी, त्या फारशा तापत नाहीत. जुन्या पद्धतीचे तापणारे बल्ब चालणार नाहीत.

एक विनंती. ज्या दुकानातून अंडी येतात तिथे ट्रे परत घेत असतील, तर आधी ते परत करावेत. ट्रे जसाच्या तसा पुन्हा वापरला जाणं सजावटीपेक्षा मोठं काम आहे. कोपरे फाटलेले, अंडी पेलू न शकणारे तेवढेच आपण घ्यावेत. कबरेसाठी फाटलेलेच लागतात. ईस्टर २२ मार्च ते २५ एप्रिलच्या मध्ये कधीही येतो, त्यामुळे कॅलेंडरवरच्या महिन्यावर विसंबू नये. राखेच्या बुधवारपासून, म्हणजे उपवासकाळाच्या पहिल्या दिवसापासून, ट्रे जमवायला लागलं की लगदा भिजवण्याच्या आठवड्यापर्यंत पुरेसे होतात.