चाव्याचा ठसा की चाव्यातली लाळ?

गुन्ह्यात कुणाच्या अंगावर चावा सापडला, तर चावणारा ओळखायला यातलं काय जास्त भरवशाचं? मिरजेत माझा मावसभाऊ कवळ्या करतो. त्याच्याकडे बसून मी आधी पेरूला चावलो, मग स्वतःच्या दंडाला. पेरूवर दात न् दात मोजता येत होता. दंडावरची खूण मात्र कोपर वाकवलं की लांबट व्हायची, आणि चहा संपेस्तोवर निम्मी विरली. कातडी म्हणजे काही प्लास्टर नव्हे! तिच्यावर संशयिताच्या दातांचा साचा जुळवायचा, म्हणजे बराचसा नजरेचा खेळ. अमेरिकेत ॲरिझोनात रे क्रोन या माणसाला १९९२ साली खुनाच्या खटल्यात अशाच ‘जुळलेल्या’ ठशामुळे मृत्युदंडाची शिक्षा झाली. २००२ मध्ये डीएनएमुळे सुटला.

लाळेचं तसं नाही, तिच्यात चावणाऱ्याचा डीएनए सापडू शकतो. चाव्यावर आधी कापसाचा ओला बोळा फिरवायचा, मग कोरडा. वाळवून कागदी पाकिटात. अडचण एकच, जखम धुतली की पुरावा गेला, आणि आपल्याकडे तर आधी हळद दाबायची घाई. ठसा निदान फोटोत राहतो. दिल्लीच्या २०१२ च्या निर्भया प्रकरणात असे फोटो तपासले गेले ते आपल्या सांगलीच्या खाली, धारवाडच्या डेंटल कॉलेजात. पण तिथेही जोडीला डीएनए होताच. माझ्या मते ठशाचा उपयोग बोळा कुठे फिरवायचा हे कळण्यापुरता.