हँडब्रेक की एफएफएमपेग? घरातल्या जुन्या व्हिडिओंसाठी काय निवडावं

फाईल उघडत नाही, टीव्हीवर चित्र दिसतं पण आवाज येत नाही, फोनवर नुसता काळा पडदा. अशा वेळी कोणीतरी हँडब्रेक सुचवतं आणि दुसरं कोणीतरी एफएफएमपेग. दोन्ही व्हिडिओ एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात बदलणारे प्रोग्रॅम, दोन्ही फुकट, दोन्ही मुक्तस्रोत. हँडब्रेकच्या पोटातही बरंचसं काम एफएफएमपेगच्याच लायब्ररी करतात. तरी दोन्हींचा स्वभाव वेगळा आहे. मी सहा-सात वर्षं दोन्ही वापरतोय, त्यातून बनलेलं हे मत आहे.

हँडब्रेक 2003 पासून आहे आणि त्याची खिडकी बघून घाबरायला होत नाही. फाईल आत ओढायची, 'फास्ट 1080पी30' हा ठरलेला पर्याय ठेवायचा, बटण दाबायचं. लग्नाच्या डीव्हीडीतल्या व्हीओबी फायली, फोनवरचा दोन जीबीचा स्नेहसंमेलनाचा व्हिडिओ नातेवाइकांना पाठवण्याजोगा लहान करणं, संपादनात आवाज मागे-पुढे व्हायला लागला तर फ्रेमरेट स्थिर करून घेणं, या सगळ्यासाठी मी आजही तेच उघडतो. एक लक्षात असू द्या. त्या ठरलेल्या पर्यायात सेकंदाला 60 फ्रेमचं चित्रण 30 वर येतं. कबड्डीचा सामना किंवा ढोलपथक असेल तर फरक जाणवतो.

एफएफएमपेगचं तसं नाही. 2000 साली फाब्रिस बेलार यांनी ते सुरू केलं. त्याला खिडकी नाही, काळ्या पडद्यावर आज्ञा टाईप करायची. फाईलच्या नावात मोकळी जागा असली आणि अवतरणचिन्हं विसरली की अडलंच. सुरुवातीचे दोन आठवडे मी वहीत आज्ञा लिहून ठेवत होतो. आणखी एक खोड म्हणजे काही सांगितलं नाही तर ते आवाजाचा एकच ट्रॅक उचलतं. दुसरा ट्रॅक हवा असेल तर तसं स्पष्ट लिहावं लागतं. मला हे फाईल हातावेगळी झाल्यावर कळलं. मूळ फाईल जपून ठेवली होती म्हणून निभावलं.

मग माझा कल कुठे झुकला? ताईच्या लग्नापाशी.

लग्न 2012 चं. कॅमकॉर्डरवरचं चित्रण, एमटीएसच्या अकरा फायली, प्रत्येकी साधारण दोन जीबी. कॅमेरा ठराविक आकार झाला की आपणहून पुढची फाईल सुरू करायचा. आईला ते सगळं फोनवर बघायचं होतं आणि फोन त्या फायली उघडत नव्हता. मी हँडब्रेकमध्ये अकराही फायली रांगेत लावल्या आणि झोपलो. सकाळी लॅपटॉपचा पंखा घोंघावत होता, पण काम झालं होतं.

आईने मंगलाष्टकांची फाईल लावली. शेवटचं कडवं संपलं, अक्षता उडाल्या आणि पडद्यावर सगळीकडे राखाडी चौकोन पसरले. ताईचा चेहरा त्या दोन सेकंदांत ओळखू येत नव्हता. कारण सरळ आहे. शेकडो बारीक दाणे एकाच वेळी वेगवेगळ्या दिशेने उडतात, आणि कुठल्याही कोडेकला (चित्र-आवाज दाबून साठवण्याच्या पद्धतीला) याहून अवघड दृश्य क्वचित मिळतं. कॅमेऱ्याने एकदा ते दाबून साठवलं होतं, मी ते दुसऱ्यांदा दाबलं. वर दोन फायलींचा सांधा नेमका 'सावधान'च्या मध्ये पडला होता. 'साव' एका फाईलमध्ये, 'धान' पुढच्या.

गुणवत्तेचा आकडा कमी करून, म्हणजे आरएफ 22 वरून 18 वर आणून (हा आकडा जितका लहान तितकं चित्र चांगलं) पुन्हा बघितलं. अक्षता सुधारल्या, पण फायली फुगल्या आणि वेळ आणखी वाढला. मग व्हीएलसी या प्लेअरमध्ये कंट्रोल आणि जे दाबून मूळ फाईलच्या आत काय आहे ते पाहिलं. चित्र एच.264 कोडेकमध्ये, आवाज एसी-3 मध्ये. म्हणजे चित्र फोनला चालणारंच होतं! अडचण होती ती एमटीएस या डब्याची आणि आवाजाची. एका डब्यातली भाजी दुसऱ्या डब्यात काढायची तर ती पुन्हा शिजवत नाहीत. हँडब्रेक मात्र चित्र पुन्हा शिजवतंच. आवाज जसाच्या तसा ठेवायची सोय त्यात आहे, चित्रासाठी ती नाही. वेगवेगळ्या फायली जोडायची सोयही नाही.

एफएफएमपेगमध्ये अकरा नावं उभ्या दांडीने जोडून दिली, चित्रापुढे 'कॉपी' लिहिलं, आवाजापुढे फोनला चालणारा 'एएसी', शेवटी एमपी4 नाव. दहा-बारा मिनिटांत लग्न एका फाईलमध्ये आलं. अक्षतेचा दाणा न् दाणा मूळ चित्रणात होता तसा, आणि 'सावधान' अखंड. आईने तो भाग तीनदा मागे घेऊन बघितला.

तेव्हापासून टीव्हीवर आवाज येत नसेल, तर मी आधी हेच करतो. डीटीएस आवाज न ओळखणारे टीव्ही बरेच आहेत, आणि तिथे फक्त आवाज बदलला की पुरतं. एच.265 या नव्या कोडेकची फाईल ॲपलच्या साधनांवर नुसता आवाज देत असेल, तर तिला 'एचव्हीसी1' ही खूण लावून पुन्हा कॉपी केली की बहुतेक वेळा चालते. यात चित्राला हात लागतच नाही.

अर्थात कॉपी सगळीकडे उपयोगाची नाही. आतलं चित्रच जुन्या कोडेकमध्ये असेल तर ते नव्याने करावंच लागतं. माझ्या त्या चित्रणात इंटरलेसच्या (एक ओळ सोडून एक ओळ चित्रित होण्याच्या) रेघाही तशाच राहिल्या. टीव्ही त्या आपणहून पुसतो, संगणकाच्या पडद्यावर हात हलला की दिसतात. त्या कायमच्या काढायच्या असतील, किंवा पाच जीबीचे पाचशे एमबी करायचे असतील, तर हँडब्रेक घ्या, बरं काम करतं.

ज्यांना टाईप करणं नकोच वाटतं त्यांनी लॉसलेसकट बघावं. एफएफएमपेगचंच इंजिन, वर खिडकी, आणि कापाकापी-जोडाजोडी चित्र पुन्हा न दाबता होते. माझ्या धाकट्या भावाने ते एका संध्याकाळी शिकून घेतलं. काहीही घेतलंत तरी आधी एकच छोटी फाईल करून, ज्या टीव्हीवर किंवा फोनवर बघायची आहे तिथेच लावून बघा. आणि मूळ एमटीएस पुसू नका, माझ्या अजून दोन वेगवेगळ्या डिस्कवर आहेत.