सांदणच्या पहिल्या कड्यावर मागितलेले सातशे रुपये

सांदण दरीत पहिल्या रॅपलिंगच्या, म्हणजे दोरावरून कडा उतरायच्या जागेच्या, तोंडाशी उभं असताना आमच्याकडे माणशी सातशे रुपये मागितले गेले. कारण काय, तर 'रोप चार्जेस'. त्याआधी माणशी २,४९९ रुपये भरून झाले होते, आणि त्यात 'सर्व साहित्य, प्रशिक्षित गाइड, विमा, नाश्ता, जेवण, प्रवास' हे सगळं धरलंय असं जाहिरातीत ठळक अक्षरांत होतं. पैशांपेक्षा मला ते मागायची जागा जास्त महत्त्वाची वाटते. साम्रद गावात मागितले असते तर निम्मे लोक तिथेच भांडले असते. दरीत दोन डोह ओलांडून, ओल्या बुटांनी धोंड्यांवरून तासभर चालून, पुढे सरळ कडा असताना मागितले की माणूस मुकाट्याने पैसे बाहेर काढतो. तिथे रेंज नसते म्हणून रोख आणायला आदल्या दिवशीच सांगितलं होतं, 'चहापाण्यासाठी'.

जाहिरात होती 'नवख्यांसाठी एक दिवसाचं कॅनियनिंग'. पाण्याने कापलेल्या घळीतून चालत, डोह ओलांडत, कडे आले की दोरावरून उतरत खाली जायचं, हे कॅनियनिंग. आपल्याकडे त्यासाठी सांदणइतकी सोयीची जागा क्वचितच असेल. अकोले तालुक्यात, भंडारदऱ्याच्या पलीकडे, रतनगडाच्या पायथ्याला साम्रद गाव आहे. गावातून दहा-पंधरा मिनिटांवर जमीन एकाएकी फाटते आणि दोनशे-तीनशे फुटी काळ्या भिंतींच्या मधून वाट खाली जाते. पावसाळ्यात तिथे उतरायचा प्रश्नच नाही, सगळं पाणी त्या घळीतूनच धावतं. दिवाळीनंतर पाणी ओसरलं की लोक जायला लागतात. बरेच जण पहिल्या रॅपलिंगपर्यंत जाऊन त्याच वाटेने परत येतात. पुढचे कडे उतरून जाणारे मात्र थेट खाली शहापूर तालुक्यात, देहण्याला बाहेर पडतात. आम्हाला विकलं गेलं होतं ते हे दुसरं.

जाहिरातीतला फोटो मस्तच होता. निळसर हिरव्या, काचेसारख्या डोहात एक मुलगी उडी मारते आहे. आम्ही परत आल्यावर माझ्या मावसभावाने तो फोटो इंटरनेटवर टाकून मूळ कुठला ते शोधलं, तर तो फिलिपिन्समधल्या सेबू बेटावरच्या कावासान धबधब्याचा निघाला. तसं पाणी चुनखडीच्या प्रदेशात असतं. आपला सह्याद्री काळ्या बेसॉल्टचा, सांदणच्या डोहातलं पाणी गडद आणि बर्फासारखं गार. मोरपंखी पाणी दाखवून कुणी सह्याद्रीतली सहल विकत असेल, तर त्याच्याकडे स्वतःच्या सहलीचे फोटो का नाहीत, हे आधी विचारा.

जाहिरातीच्या पानाच्या तळाशी 'शासनमान्य' लिहून नोंदणी क्रमांकही दिला होता, सुरुवातीला 'उद्यम-एमएच'. दिसायला भारदस्त. पण ही लघुउद्योगांची उद्यम नोंदणी. आधार क्रमांक टाकून, स्वतःच माहिती भरून, घरबसल्या फुकट होते. पापडाच्या धंद्यालाही मिळते, आणि त्यात काही गैर नाही. मात्र दोर बांधता येतो की नाही याच्याशी तिचा काडीचा संबंध नाही. महाराष्ट्राचं २०२१चं साहसी पर्यटन धोरण आहे, त्यानुसार असे उपक्रम घेणाऱ्यांनी पर्यटन संचालनालयाकडे नोंदणी करायची असते. मागायचं ते हे प्रमाणपत्र, आणि त्यावर नाव कुणाचं, कोणत्या साहसी प्रकारासाठी, मुदत कधीपर्यंत, हे वाचायचं. आमच्यापैकी एकीने फोनवर विचारलंसुद्धा होतं. उत्तर आलं, "मॅडम, गव्हर्नमेंट रजिस्टर्ड आहोत, नंबर वेबसाइटवर आहे." खोटं काहीच बोलला नाही बघा.

पैसे भरायचा क्यूआर कोड संस्थेच्या नावावर नव्हता, एका व्यक्तीच्या नावावर होता. 'आज रात्री आठपर्यंत भरलेत तर २,४९९, नंतर २,९९९' हा घाईचा डाव सगळेच खेळतात, त्याबद्दल वेगळं बोलत नाही.

शुक्रवारी रात्री ठाण्याहून निघालो. गाडीत जागेपेक्षा माणसं जास्त, दोघं मधल्या वाटेत पिशव्यांवर बसलेली. कसारा घाटाच्या अलीकडे ढाब्याच्या उजेडात एक कागद फिरवला आणि सह्या घेतल्या. 'माझ्या जिवाची जबाबदारी माझी' अशा अर्थाचं इंग्रजी, बारीक टायपात. परतल्यावर वकील मैत्रिणीला दाखवला. ती म्हणाली, असल्या कागदाने निष्काळजीपणा धुऊन निघत नाही, पण माणसं घाबरून तक्रार करत नाहीत, कागदाचा तेवढाच उपयोग.

साम्रदला पहाटे पोहोचलो. ज्या घरी पोहे होते तिथल्या मावशींनी परात खाली ठेवत विचारलं, "तुम्ही कुणाचे?" म्हणजे कोणत्या ग्रुपचे. आमच्या 'लीडर'ने नाव सांगितलं. मावशींचा चेहरा पडला. त्या आत गेल्या, घरातल्या दादांशी काहीतरी बोलल्या आणि मग दादा बाहेर येऊन लीडरला बाजूला घेऊन गेले. आवाज चढला, नंतर उतरला. आम्हाला सांगण्यात आलं, "गावचं काहीतरी आहे, आपला संबंध नाही."

संबंध होता, तो खाली कड्यावर कळला.

आमचा लीडर हा मुंबईचा एक पोरगा, गळ्यात शिट्टी, अंगावर संस्थेचं नाव छापलेला टी-शर्ट. दोराचं काम त्याचं नव्हतंच. ते करणार होते गावातले चार तरुण. त्यांच्याशी माणशी दर ठरला होता, पण हातात टेकवले होते फक्त हजार रुपये. मागच्या दोन गटांचेही पैसे थकलेले. म्हणून त्यांनी कड्यावर सांगून टाकलं की आधी पैसे, मग दोर. लीडरने फोन लावल्यासारखं केलं (रेंज कुठे होती?) आणि आमच्याकडे वळून म्हणाला, लोकल लोकांनी ऐनवेळी रेट वाढवलाय, माणशी सातशे द्यावे लागतील. म्हणजे आमच्याकडून घेतलेले पैसे ज्यांना द्यायचे ते दिले नाहीत, आणि वरून त्यांनाच आमच्यासमोर चोर ठरवलं.

सोबत माझा मावसभाऊ होता, त्याने एका क्लबमधून प्रस्तरारोहणाचा बेसिक कोर्स केलेला. तो भांडणात न पडता सामानाकडे गेला. मीही मागोमाग गेले. आम्ही जवळपास पंचवीस जण आणि हार्नेस (दोराला अडकवायला कमरेभोवती घालायचे पट्टे) आठ. म्हणजे एकेक उतरला की हार्नेस वर ओढून घ्यायचा, दुसऱ्याने घालायचा. हेल्मेटं पिवळी, इमारतीच्या साइटवर असतात ती. काहींचे हनुवटीचे पट्टे तुटलेले, त्या जागी कपडे वाळत घालायची नायलॉनची दोरी. गिर्यारोहणाच्या हेल्मेटवर आत ईएन १२४९२ असा युरोपीय मानकाचा शिक्का असतो, तो एकावरही नव्हता. मावसभावाने एक कॅराबिनर, म्हणजे दोर अडकवायची धातूची कडी, उचलून मला दाखवला. त्याचं फिरवून बंद करायचं स्क्रू मातीने असं अडकलं होतं की अर्ध्यावरच थांबत होतं. कॅराबिनरच्या पाठीवर तो किती ताण पेलतो हे केएनमध्ये (किलोन्यूटनमध्ये) कोरलेलं असतं, इथे घासून घासून ते अक्षरच उरलं नव्हतं. कड्यावर अँकरसाठी, म्हणजे दोर खडकाला पक्का करायला, एकच स्लिंग (कापडी पट्ट्याचा फास), उन्हाने पांढरी पडलेली.

त्याने दोर बांधणाऱ्या तरुणाला हळूच विचारलं, "दादा, बॅकअप कुठंय?" म्हणजे एक आधार सुटला तर धरणारा दुसरा.

तो खाली बघत म्हणाला, "दोर आमचा नाय, त्यांनीच दिलाय. आमचा वापरू म्हटलं तर त्याचं भाडं देत नाय म्हणत्यात." मग जरा थांबून, "ताईला नका उतरवू यावरनं."

ज्याला लीडर चोर म्हणत होता, तोच आम्हाला खरं सांगत होता.

आम्ही सहा-सात जणांनी नाही म्हटलं. तेव्हा लीडरने खरा हुकमाचा पत्ता काढला. "परत जायचं तर तुमच्या जबाबदारीवर. गाडी देहण्याला गेलीय."

हे नीट समजून घ्या, कारण यात त्याने एक शब्दही खोटा बोलला नव्हता. दरी उतरून गेलं की माणूस सह्याद्रीच्या धारेखाली, कोकणाच्या अंगाला येतो. गाडीला मात्र घोटी, कसारा घाट, शहापूर असा मोठा वळसा घालून तिथे यावं लागतं. त्यामुळे माणसं दरीत उतरली की गाडी निघूनच जाते. चांगले आयोजकही असंच करतात. फरक एवढाच की ते जो उतरणार नाही त्याला परत नेण्यासाठी एक माणूस आणि वरच्या गावात काहीतरी सोय ठेवतात. आमच्या पिशव्या, जेवण, एकीची औषधं, सगळं त्या गाडीत होतं. त्यामुळे 'नको' म्हणणाऱ्यांपैकी दोघं तिथेच नमली आणि सातशे काढून दिले. गोळा झालेल्या पैशांतून त्या चौघांच्या हाती किती पडले? पोरांनीच नंतर सांगितलं, दोन-दोनशे.

आम्ही परत फिरलो. चौघांपैकी सर्वांत लहान पोरगा न सांगता सोबत आला. डोहाच्या कडेने कुठे पाय ठेवायचा ते दाखवत गावापर्यंत आणून सोडलं आणि पैसे घेईना. मावशींनी भाकरी आणि पिठलं वाढलं, दादांनी भंडारदऱ्याजवळच्या शेंडी गावापर्यंत जीप ठरवून दिली, भाडं रास्त घेतलं. तिथून एसटी, मग कसाऱ्याहून लोकल. खाली गेलेल्यांची तऱ्हा आमच्याहून वाईट. आठ हार्नेसवर एवढी माणसं उतरवायची म्हणजे दुपार कड्यावरच सरली, शेवटची दगडांची वाट त्यांनी मोबाइलच्या उजेडात काढली. एका मुलीचा घोटा मुरगळला. त्या दिवशी याहून वाईट काही झालं नाही, यात आयोजकाचं कर्तृत्व शून्य.

पैसे परत मागितले तर उत्तर आलं, 'नॉन रिफंडेबल'. नंतर पाचशेचं कूपन देऊ केलं, पुढच्या सहलीसाठी! विम्याचा कागद मागितल्यावर जो फोटो आला त्यावरची मुदत मार्चमध्येच संपली होती आणि यादीत आमच्यापैकी एकाचंही नाव नव्हतं. याच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला व्हॉट्सॲप ग्रुपमधून काढलं. ग्रुपवर संदेश चोवीस तासांत आपोआप पुसले जातील अशी सेटिंग पहिल्यापासून लावलेली होती. आम्हाला ती सोय वाटली होती, कचरा साठत नाही म्हणून. नशिबाने मैत्रिणीने जाहिरात, पैशांचा हिशेब आणि 'ऑल इक्विपमेंट इन्क्लुडेड' असं लिहिलेला संदेश यांचे स्क्रीनशॉट काढून ठेवले होते. आज आमच्या हातात पुरावा म्हणून आहे तो तेवढाच.

१९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन केला. त्यांनी सांगितलं की सहल झालेली आहे, हा सेवेतल्या त्रुटीचा विषय, ग्राहक म्हणून तक्रार करा. सहलच झाली नसती, पैसे घेऊन माणूस गायब झाला असता, तर मात्र १९३० हाच पहिला फोन आणि तोही तासाभरात. आम्ही १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि रीतसर नोटीस पाठवली. २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात दाद मागता येते, घटनेपासून दोन वर्षांची मुदत असते आणि पाच लाखांपर्यंतच्या प्रकरणाला फी लागत नाही. 'अडीच हजारासाठी कोण कोर्टात जाणार' या भरवशावरच हे धंदे चालतात. पर्यटन संचालनालयालाही लेखी कळवलं, त्या उद्यम क्रमांकाच्या स्क्रीनशॉटसकट.

तुम्ही जाणार असाल तर, जा, जागा अप्रतिम आहे. पैसे भरण्याआधी फोनवर इतकंच विचारून बघा: दोर कोण धरणार, त्याचं नाव काय, आणि त्याच्याशी आत्ता बोलता येईल का? हार्नेस किती आणि माणसं किती? मला कड्यावर भीती वाटली तर परत कोण नेणार आणि माझी पिशवी कुठे असेल? खरा आयोजक या प्रश्नांनी वैतागत नाही, उलट दोन जास्तीच्या गोष्टी सांगतो, अमुक बूट घाला, कपड्यांचा जोड वेगळा ठेवा वगैरे. आमच्यावाल्याला हेच प्रश्न नंतर एकाने ओळख न देता विचारले, तर "मॅडम-सर सगळे एन्जॉय करतात, टेन्शन नका घेऊ" असं म्हणून त्याने क्यूआर कोड पाठवला.

नोटिशीला उत्तर म्हणून आमच्यापैकी तिघांना अर्धे पैसे परत आले आहेत, बाकीच्यांचं प्रकरण आयोगात दाखल करतो आहोत. साम्रदच्या दादांशी परवा फोनवर बोलणं झालं. त्यांच्या पोरांची जुनी थकबाकी अजून तशीच आहे. ज्यांच्याकडे त्या पोरांनी काम केल्याचे फोटो असतील त्यांनी ते जपून ठेवावेत. आमच्या तक्रारीसोबत त्यांचीही जोडता येते का, हे वकील मैत्रीण बघते आहे.